पोटातलं रान

मी त्या म्हाताऱ्याला अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसा समज व्हायची शक्यता आहे.

सात वर्षांपूर्वी मी त्याच्याकडून पांढरी घोडी विकत घेतली. वैनगंगेच्या काठाला, मार्कंड्याच्या देवळापासून चालत जाता येईल अशा अंतरावर त्याचं घर आहे. शिवरात्रीच्या जत्रेत तो पोरांना घोड्यावर बसवून फिरवायचा. मी तेव्हा ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीच्या, गेटसमोर भाजी विकत होते. बाप माजरीच्या कोळसाखाणीत खपला, नवरा खाणीतूनच निवृत्त झाला. मला मात्र कोणाच्या हाताखाली राहायचं नव्हतं. चंद्रपुरात लग्नं ढिगाने होतात, आमच्या लोकांची वरात विहारापर्यंत जाते, इतरांची मंगल कार्यालयापर्यंत, आणि नवरदेवाला घोडी सगळ्यांनाच लागते. तेव्हा घोडीच घ्यायची, असं मी ठरवलं.

भाजीच्या पाटीने मला एक गोष्ट शिकवली होती. समोरचा जो भाव बोलतो तो त्याच्या मनातला नसतो. म्हाताऱ्याशी मी दुपारभर भांडले. त्याच्याकडे घोडीशिवाय एक बदामी रंगाचा तरणा घोडाही होता. मी म्हटलं, दोन्ही देता का, जोडीचा भाव लावा. तो म्हणाला, "तो विकायचा नाई, बाई." मग मी घोडीवरच अडून बसले. भाव उतरेना, तेव्हा साज मागितला. जरीचं खोगीर, घुंगरांचा पट्टा, कपाळावरचा तुरा, सगळं फुकटात काढून घेतलं. घोडी किती वर्षांची, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सहाची."

घरी येताना मी इतकी खूश होते की मध्ये मूलला थांबून ड्रायव्हरला भजी खाऊ घातली. मी सहसा कोणाला भजी खाऊ घालत नाही.

तीन महिन्यांनी नालबंद नाल ठोकायला आला. त्याने सहज तिचा ओठ वर केला आणि हसला. "सहाची सांगितली का तुमाले? बाई, हे दात पाहा. दहा-अकराच्या खाली नाई ही."

ज्या बाईला उभ्या बाजारात कोणी सडका टोमॅटो देऊ शकलं नाही, तिला एका म्हाताऱ्याने म्हातारी घोडी दिली होती. मी त्याला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही दात पाहिलेच नाई, बाई. तुम्ही साज पाहून राह्यल्या होत्या."

मी फोन कापला. त्यानंतर सात वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

घोडीवर मात्र मी तो राग कधी काढला नाही. तिच्यावर रागावणं जमण्यासारखंच नव्हतं. मी सकाळी तिच्याजवळ गेले की ती आधी माझे केस हुंगायची, मग पदराची गाठ ओठांनी चाचपायची, कारण तिथे गुळाचा खडा असायचा. वरातीत कानाशी ढोल वाजले तरी ती हलायची नाही. नवरदेव पाठीवर बसला की एक लांब श्वास सोडायची, भाकरी थापायला बसलेली बाई सोडते तसा, आणि चालू लागायची. घाबरलेल्या नवरदेवांना मी सांगायची, "तू नको चालवू, ती नेते तुले." आणि ती न्यायची.

माझ्या घोडीचं नाव झालं ते डाळीमुळे. वरात निघण्याआधी नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारतात. दुसऱ्यांच्या घोड्या तोंड फिरवायच्या, चावायच्या, बहिणी किंचाळायच्या. माझी घोडी ओंजळीतून असं अलगद खायची की हाताला नुसती मिशी लागावी. मी त्याचाच धंदा केला. पितळेची मोठी परात घेतली, तिच्यावर लाल कापड घातलं. सौदा करताना सांगायची, "आमची घोडी सगळ्यांच्या हातची खाते. बहिणी, मावश्या, आत्या, कितीही असू द्या." मग बहिणींमागून मावश्या यायच्या, मावश्यांमागून शेजारणी, फोटोवाला म्हणायचा एक घास अजून. लग्नाच्या दिवसांत कधी सकाळी एक वरात, संध्याकाळी एक. परातीमागून परात. वर लोक लाडूही द्यायचे. मी नाही म्हणत नव्हते. फुकटचं खाणं येत होतं, आणि घोडीचं कौतुकही होत होतं.

लग्नं संपली की पुढे तणस, म्हणजे भाताचा वाळका पेंढा. आमच्याकडे धानाचं तणस मुबलक, स्वस्त. चार महिने डाळ-लाडू आणि आठ महिने तणस. मला वाटायचं, मी तिला राणीसारखी ठेवते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तिचं पोट बिघडू लागलं. लीद पातळ पडायची, पोट गुरगुरायचं. मी मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या आणायची, ते म्हणतील त्या, आणि गुळात घालून चारायची. बंद व्हायचं. पुन्हा सुरू व्हायचं. मग पुन्हा गोळ्या. मी नवऱ्याला म्हटलं, "कोळशाची धूळ आहे चाऱ्यावर, त्याचंच आहे हे."

तो खाटेवरून म्हणाला, "धुळीत आम्ही जिंदगी काढली. आमाले काऊन नाई झालं?"

"तुमाले पोट आहे का? ते दगडाचं कोठार आहे."

मनात मात्र मी दोष म्हाताऱ्यालाच देत होते. ज्याने वय खोटं सांगितलं त्याने आजारही लपवला असणार. घोडी विकायच्या आधीपासूनच सडकी होती, आणि त्याने ती माझ्या गळ्यात बांधली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात जुलाब बंदच होईनात. शेवटच्या वराती मी सोडून दिल्या. घोडीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, शेपटी आणि मागचे पाय सदा ओले. मी रोज कोमट पाण्याने धुवायची. ती मान वळवून माझ्याकडे पाहायची. सगळ्यात वाईट म्हणजे एके सकाळी तिने पदराची गाठ चाचपली नाही.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण स्कूटीवरून आली. माझ्या मुलीच्या वयाची. तिने घोडीच्या पोटाला नळी लावून दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं, मग विचारलं, "काय काय खाऊ घालता?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. परात, डाळ, लाडू, मग तणस, मग गोळ्यांची नावं.

ती म्हणाली, "मावशी, राग येईल, पण हे तुम्हीच केलंय."

राग आलाच. मी तिला म्हटलं, "निघ इथून. शाळेत शिकून आली अन् मले घोडी शिकवते." ती निघाली. जाताना फाटकाशी थांबून म्हणाली, "डाळ बंद करा, गोळ्या बंद करा, वाळलेलं गवत द्या. एवढं तर करा." तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या दवाखान्यात गेले. माफी मागितली नाही, पण बाकावर तासभर बसून राहिले, आणि तिला ते पुरलं.

तिने लीदीची तपासणी करायचं सुचवलं. जंत पाहतात ती साधी नाही. घोडीच्या पोटात जे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, त्यांच्यातले कोण आहेत, किती आहेत आणि कोण गेले, ते सांगणारी. प्रयोगशाळा लांबच्या शहरात. ताजी लीद पडली की ढिगाच्या मधून, जिथे माती लागलेली नाही तिथून, चमच्याने काढायची, डबीत भरायची आणि बर्फाच्या पिशवीसोबत पाठवायची. मी पहाटे डबी घेऊन घोडीच्या मागे उभी राहिले. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींची वाट पाहिली, पण ही पहिल्यांदाच.

कुरियरवाल्याने डबा उलटसुलट करून विचारलं, "आत काय आहे, बाई?"

"नमुना."

"कशाचा?"

"पोटाचा."

त्याने डबा नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला. "बाई, ही तर लीद आहे!"

"मग काय पेढे पाठवून राह्यली असं वाटलं तुले?"

त्याने वजन केलं. मी म्हटलं, बर्फाचं वजन धरायचं नाही, तो वाटेतच विरघळणार आहे. यावर तो इतका गोंधळला की त्याने खरंच थोडं कमी लावलं.

तीन आठवड्यांनी अहवाल डॉक्टरणीच्या फोनवर आला. रंगीत पट्ट्या होत्या. मला काही कळेना. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "मावशी, गडचिरोलीचं जंगल पाहिलंय ना? मोह, तेंदू, ऐन, बिजा, बांबू, खाली गवत, सगळं एकात एक. आणि दुसरीकडे सागाची लागवड पाहिली असेल. सगळीकडे सागच साग, खाली काही नाही. घोडीच्या मोठ्या आतड्यात असंच एक रान असतं. गवत ती पचवत नाही, ते रान पचवतं. डाळ जास्त झाली की ती न पचता तिथे जाऊन पडते आणि आंबते. त्या आंबटात गवत पचवणारे मरतात आणि आंबवणारेच माजतात. मग गोळ्यांनी तुम्ही उरलेलंही कापून काढलं. आता हे बघा." तिने एका लांब पट्टीवर बोट ठेवलं. "हा सगळा साग."

मी पट्टीकडे पाहत राहिले. खोटं बोलणारा माणूस मला ओळखता येतो. पट्टीशी घासाघीस करता येईना. सात वर्षं मी ज्या परातीचा तोरा मिरवला, तिच्यातून मी माझ्या घोडीचं रान जाळलं होतं.

"ते परत लावता येतं का?"

"प्रयत्न करता येतो. निरोगी घोड्याची ताजी लीद कोमट पाण्यात कालवून, गाळून, नाकातल्या नळीने पोटात सोडायची. दोन-तीन दिवस. जमेलच असं नाही. नाही जमलं तर..." ती थांबली. "तिच्या अंगात आता फार काही उरलं नाही, मावशी."

पण लीद अशा घोड्याची हवी होती, ज्याला डाळ, धान्य, औषधं काही माहीत नाही. चंद्रपूरचे सगळे घोडे वरातीचे. सगळ्यांच्या पोटात तीच परात. मी दोन दिवस विचार केला. खरं सांगायचं तर विचार पहिल्याच मिनिटाला झाला होता. उरलेला वेळ मी स्वतःशी भांडत होते.

तिसऱ्या दिवशी एस.टी. बदलत बदलत मी मार्कंड्याला गेले.

म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. फार वाळला होता. मला पाहून उठला, हात धोतराला पुसले. "या बाई. पाणी आणतो."

"पाणी नको. तुमचा घोडा आहे का अजून?"

"आहे जी. नदीकडं चरून राह्यला."

"त्याले डाळ देता का?"

"डाळ आमालेच दिसत नाई, त्याले कुठून देऊ?"

"औषध? इंजेक्शन?"

"कधीच नाई." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "घोडीले काही झालं का, बाई?"

येताना मी ठरवलं होतं की आधी त्याच्याकडून खोटेपणा कबूल करून घ्यायचा, मगच मागणं मांडायचं. सौद्यात गरज आधी दाखवत नाहीत. पण त्याने घोडीचं नाव काढलं आणि मी सगळं सांगून बसले. बरगड्या, ओली शेपटी, पट्टीवरचा साग, पदराची गाठ. सांगता सांगता रडले, आणि रडले म्हणून त्याच्यावर अजून चिडले.

म्हातारा ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मग तर याचीच लीद पाहिजे, बाई. हा तिचंच पोर आहे."

"काय?"

"तिच्याच पोटचा. लहान शिंगरू आईची लीद खाते, तुमाले माहीत असन. हा तर तिच्या मागं मागं फिरून खायचा. तिच्या पोटातलं जे होतं ते याच्या पोटात असनच ना."

 मग माझ्या डोक्यात भाजीवालीचा हिशोब आपोआप चालू झाला.

"घोडा किती वर्षांचा आता?"

"बारा."

"घोडी नेल्याले सात वर्षं झाली. तवा हा पाच वर्षांचा होता. अन् तुम्ही मले सांगितलं घोडी सहाची. भाऊ, एका वर्षाची घोडी वेते का?"

तो खाली पाहू लागला. मला कळलं की पोर तिचंच आहे हे सांगताना त्याला हे पुढचं सगळं दिसत होतं. तो गप्प राहिला असता तर मला कधी कळलं नसतं.

"बोला ना! काऊन खोटं बोलले?"

"अकराची सांगितली असती तर नेली असती का तुम्ही?"

"नसती नेली."

"मग विटाभट्टीवाल्यानं नेली असती. तो दोनदा येऊन गेला होता. मले दोघांले पोसणं होत नव्हतं." कामटी त्याच्या हातात तशीच होती. "तुम्ही साजासाठी एवढ्या भांडल्या, मले वाटलं, जी बाई घुंगरासाठी इतकं भांडते ती घोडीले उपाशी नाई ठेवणार."

हे कारण खरं असेल, नसेलही. कारण शोधायला त्याला सात वर्षं मिळाली होती. पण उपाशी ठेवणार नाही एवढं त्याने बरोबर ओळखलं होतं. मी तिला उपाशी ठेवलं नव्हतं. खाऊ घालून घालून मरणाला टेकवलं होतं.

घोड्याची लीद आधी तपासून घेतली. जंत, रोग काही निघालं नाही. मग पोळ्याच्या आधी एका शनिवारी मी घोडी पिकअपमध्ये चढवली. दर पाच मैलांवर गाडी थांबवून तिला पाणी दाखवलं. डॉक्टरीण सुट्टी काढून आली होती. घोडी उतरली, तेव्हा घोडा कुंपणाशी उभा होता. दोघांनी एकमेकांच्या नाकात श्वास सोडला. त्यांनी ओळखलं असं मी म्हणणार नाही. घोडे सगळ्यांशीच असं करतात. पण मग ती त्याच्या बाजूला सरकून उभी राहिली आणि तिथून हलली नाही.

सकाळी घोड्याची लीद पडली की म्हातारा दोन्ही हातांत उचलून आणायचा, प्रसाद आणावा तशी. आम्ही ती बादलीत कोमट पाण्यात कुस्करायचो आणि जुन्या लुगड्यातून गाळायचो. हिरवट, गवताचा वास येणारं पाणी. घोडीच्या लीदीला आंबलेला वास येत होता, इतका की मी तो वास तिचाच समजू लागले होते. डॉक्टरीण नळी घालायची, मी घोडीचं डोकं छातीशी धरायची. ती फारशी झगडली नाही. झगडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस झाले, डॉक्टरीण सोमवारी परत गेली. सांगून गेली, आता तिला फक्त नदीकाठचं गवत द्या आणि वाट पाहा. मी म्हाताऱ्याच्या ओसरीवर मुक्काम केला. तो भात रांधायचा, मी वरण. तो म्हणायचा, मीठ जास्त झालं. मी म्हणायची, मग तुम्ही करा. दिवसभर आम्ही घोडीच्या शेपटीकडे पाहत बसायचो, दोन शहाणी माणसं.

बुधवारी तशीच पातळ. गुरुवारी तिने गवत हुंगून सोडलं. मी म्हाताऱ्यावर ओरडले, तुमचा घोडाही खोटाच निघाला.  तो उठला, नदीकडे गेला, आणि घोडा ज्या जागी चरतो तिथलंच गवत कापून आणून तिच्यापुढे ठेवलं. ती बघत राहिली. मग घोड्याने कुंपणावरून मान घालून त्यातलं तोंडभर ओढलं, आणि तेव्हा तिनेही ओढलं.

शनिवारी सकाळी मी दात घासत होते. म्हातारा गोठ्यातून ओरडला, "बाई! इकडं या, लवकर!" मी तशीच पळाले. जमिनीवर लीदीचे गोळे पडले होते. पूर्ण घट्ट नव्हते, थोडे चपटे, पण गोळे. मी एक उचलला, फोडला, नाकाशी नेला. गवताचा वास होता. मी तो हातात धरून उभी राहिले, आणि घोडीने मागून येऊन माझ्या पदराची गाठ चाचपली. गाठ रिकामी होती. गूळ तर मी बंद केला होता.

ती लगेच बरी झाली नाही. तिला म्हाताऱ्याकडेच ठेवून मी घरी आले; दोन महिने गेले, मध्ये पुन्हा एकदा बिघडली. दिवाळीनंतर पुन्हा डबी पाठवली, तेव्हा साग थोडा कमी होऊन इतर झाडं दिसू लागली होती. डॉक्टरीण म्हणाली, रान लागतंय, तोडू नका. आता वरातीत माझ्या परातीत हिरव्या गवताच्या जुड्या असतात. नवरदेवाच्या बहिणी तोंड वाकडं करतात, "डाळ नाई का वो?" मी सांगते, "गवत चारलं तर वैनी शांत मिळते." चालून जातं.

एक सौदा मात्र राहिला होता. दोन महिन्यांनी घोडी परत न्यायला गेले तेव्हा म्हातारा म्हणाला, "दर पावसाळ्यात तिले इथी ठेवा. चार महिने."

"एक."

"एका महिन्यात रान वाढते का, बाई? चार."

"दोन. माझं मन नाई लागत तिच्याबिगर."

"मग तुम्हीही या."

आम्ही तीनवर मिटवलं. मग मी म्हटलं, "आता एकदा तोंडाने बोला. सहाची होती का?"

"नाई. अकराची होती. खोटं बोललो."

सात वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि राग तिथेच राहिला. फक्त बसायला थोडी जागा करून दिल्यासारखा बाजूला सरकला.

"दात पाहा तिचे," तो म्हणाला. "तुम्ही अजून पाहिलेच नाई."

खरंच पाहिले नव्हते. नालबंदाने दाखवले तेव्हाही मी रागाच्या भरात नुसती मान हलवली होती. मी तिच्या नाकावर हात ठेवला, अंगठ्याने ओठ वर केला. तिने तक्रार केली नाही. दात लांब, पिवळे, पुढे झुकलेले, कडा झिजलेल्या. म्हातारे दात. आणि त्यांच्या सगळ्या फटींत हिरवं गवत अडकलं होतं.